रिपब्लिकन अध्यक्ष आला तरी अमेरिकेचा सरकारी खर्च का कमी होत नाही?

प्रश्न असा आहे: रिपब्लिकन उमेदवार दर चार वर्षांनी कर कमी करू, सरकार लहान करू असे सांगतात. कर थोडेफार कमी होतात, सरकार मात्र लहान होत नाही आणि कर्ज वाढतच जाते. हा अध्यक्षांचा दोष की व्यवस्थेचा? आणि सरकारी खर्चाबाबत कडक मत असलेल्या माणसाने उमेदवाराचे नेमके काय तपासावे?

माझी भूमिका कॉन्झर्व्हेटिव्ह आहे आणि ती आधीच सांगून ठेवतो. सरकार जेवढा खर्च करते तेवढा कर जनतेवर बसलेलाच असतो. त्यातला काही भाग आज वसूल होतो, उरलेला पुढे व्याजासह किंवा महागाईच्या वाटेने वसूल होतो. म्हणून अध्यक्षाने कराचा दर किती उतरवला यापेक्षा त्याच्या सहीने खर्चाचे कोणते कायदे झाले आणि कोणते थांबले, हे पाहावे. या कसोटीला गेल्या शंभर वर्षांतले फार थोडे रिपब्लिकन अध्यक्ष उतरतात.

आधी आकडे. अमेरिकेचे आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होते आणि 30 सप्टेंबरला संपते. 2025 च्या आर्थिक वर्षात केंद्र सरकारने सुमारे 7 लाख कोटी डॉलर खर्च केले आणि सुमारे 5.2 लाख कोटी जमवले. तूट जवळपास 1.8 लाख कोटींची. खर्चातले दीड लाख कोटींहून अधिक एकट्या सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे निवृत्तिवेतनाचे. त्यानंतर मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा), मेडिकेड (गरिबांचा आरोग्यविमा) आणि कर्जावरचे व्याज. नक्त व्याज आता वर्षाला सुमारे 1 लाख कोटी डॉलरपर्यंत पोचले आहे आणि 2024 पासून ते संरक्षण खर्चाहून जास्त आहे. काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, दरवर्षी मतदान करून ज्या खर्चाला मंजुरी देते, तो एकूण खर्चाच्या पाव हिश्श्याहून थोडाच जास्त भरतो आणि त्यातला निम्मा संरक्षणाचा. बाकीचा खर्च जुन्या कायद्यांनी आपोआप होतो. पात्र माणसाने अर्ज केला की पैसे द्यावेच लागतात, त्यासाठी कोणी नवे मत देत नाही.

प्रचारसभांत सगळे भाषण या लहान तुकड्याभोवती फिरते. परदेशी मदत, सरकारी नोकरांची संख्या, विचित्र वाटणारी संशोधन अनुदाने. त्यात उधळपट्टी आहे आणि ती थांबलीच पाहिजे. पण केंद्र सरकारच्या सगळ्या नागरी कर्मचाऱ्यांचा पगार आणि भत्ते मिळून एकूण खर्चाच्या वीस डॉलरमागे एक डॉलरही होत नाहीत. 2025 मध्ये इलॉन मस्क यांच्या पुढाकाराने ‘डोज’ हा खर्चकपातीचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा आधी 2 लाख कोटी आणि मग 1 लाख कोटी डॉलरच्या बचतीची भाषा झाली. त्या वर्षाचा एकूण खर्च आदल्या वर्षापेक्षा जास्तच निघाला, कारण निवृत्तिवेतन, आरोग्य आणि व्याज हे तिन्ही वाढत होते आणि त्यांना कोणी हात लावला नव्हता.

आता अध्यक्षाचे अधिकार. फेब्रुवारीत व्हाइट हाउस जे अंदाजपत्रक पाठवते तो निव्वळ प्रस्ताव असतो. काँग्रेस तो बाजूला ठेवू शकते आणि बहुतेक वेळा ठेवतेच. विधेयक हाती आले की अध्यक्षाला ते पूर्ण स्वीकारावे लागते किंवा पूर्ण नाकारावे लागते. एखादी ओळ खोडण्याचा अधिकार 1996 च्या कायद्याने दिला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. अध्यक्ष निक्सन यांनी मंजूर पैसे खर्च न करता अडवून ठेवायला सुरुवात केली, त्यावर उतारा म्हणून 1974 चा इंपाउंडमेंट कंट्रोल कायदा आला. तेव्हापासून अध्यक्ष एखादी तरतूद रद्द करण्याची विनंती करू शकतो, पैसे 45 दिवस रोखू शकतो. तेवढ्यात काँग्रेसने होकार दिला नाही तर पैसे सोडावे लागतात. जुलै 2025 मध्ये या मार्गाने परदेशी मदत आणि सार्वजनिक प्रसारण यांच्या सुमारे 900 कोटी डॉलरच्या तरतुदी रद्द झाल्या. निर्णय योग्य होता. पण सरकार दिवसाला सुमारे 1,900 कोटी डॉलर खर्च करते, म्हणजे ही बचत अर्ध्या दिवसाच्या खर्चाएवढी.

कर कमी होतात आणि खर्च होत नाही, याचे खरे कारण सिनेटच्या, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाच्या, नियमांत आहे. साध्या विधेयकाची चर्चा थांबवून मतदान घ्यायला 100 पैकी 60 मते लागतात. ‘रिकन्सिलिएशन’ नावाच्या अर्थसंकल्पी मार्गाने गेले तर साधे बहुमत पुरते, 50-50 झाले तर उपाध्यक्षाचे मत निर्णायक. 2025 चा मोठा करकायदा सिनेटमध्ये याच मार्गाने 51-50 असा मंजूर झाला. या मार्गाला ‘बर्ड नियमा’च्या दोन मोठ्या अटी आहेत. एक, ठरलेल्या मुदतीनंतर तूट वाढता कामा नये. दुसरी, सोशल सिक्युरिटीला हात लावता येत नाही. पहिल्या अटीमुळे करकपातीला मुदत घालतात. 2001 च्या कपाती 2010 अखेर संपायच्या होत्या, 2017 च्या कायद्यातल्या व्यक्तिगत कराच्या बहुतेक सवलती 2025 अखेर. दुसऱ्या अटीमुळे सगळ्यात मोठा खर्च त्या दाराबाहेरच राहतो. साध्या बहुमताने कर कमी करता येतो, सर्वांत मोठा खर्च कमी करायला मात्र विरोधी पक्षाची मते लागतात. प्रत्येक रिपब्लिकन अध्यक्ष यातली सोपी अर्धी वाट चालतो आणि उरलेली अर्धी पुढच्यावर सोडतो.

हिशेबातली एक चलाखी इथेच समजून घ्यावी. एखाद्या विधेयकाची किंमत नेहमी कशाच्या तरी तुलनेत मोजतात. काँग्रेसचे अंदाजपत्रक कार्यालय, म्हणजे सीबीओ, सध्याचा कायदा जसाच्या तसा चालू राहील असे धरते. सवलत 2025 अखेर संपणार असेल, तर ती पुढे चालू ठेवण्याचा खर्च पूर्ण मोजला जातो. 2025 मध्ये सिनेटच्या रिपब्लिकन नेतृत्वाने मोजपट्टीच बदलली. सवलत आज चालू आहे, सबब ती कायम करण्याची किंमत शून्य, असे त्यांनी ठरवले. सीबीओच्या नेहमीच्या पद्धतीने त्याच कायद्याने दहा वर्षांत तुटीत 3.4 लाख कोटी डॉलरची भर पडते. 2017 मध्ये मुदत घालून किंमत कमी दाखवायची आणि 2025 मध्ये ती मुदत नव्हतीच असे धरायचे, हे दोन्ही एकाच पक्षाने केले. डेमोक्रॅटिक पक्षाने हीच युक्ती एखाद्या कल्याणकारी योजनेसाठी वापरली असती तर आपण कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांनी रान उठवले असते. तेव्हा आज गप्प बसणे शोभत नाही.

जुन्या उदाहरणांपैकी 1923 ते 1929 या काळातले अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचे सर्वांत उपयोगी आहे, कारण त्यांनी क्रम बरोबर ठेवला. 1921 च्या कायद्याने केंद्र सरकारला पहिल्यांदा एकत्रित अंदाजपत्रक आणि त्यासाठीचे कार्यालय मिळाले. कूलिज त्या कार्यालयाचे प्रमुख हर्बर्ट लॉर्ड यांच्याबरोबर नियमित बसून खात्यांचे खर्च तपासत. केंद्राचा एकूण खर्च वर्षाला 300 कोटी डॉलरच्या आसपास जवळजवळ स्थिर राहिला आणि अर्थव्यवस्था वाढत गेली. अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांच्या योजनेनुसार प्राप्तिकराचा वरचा दर टप्प्याटप्प्याने 73 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर आला. तरीही 1923 ते 1929 या काळात राष्ट्रीय कर्ज सुमारे 2,230 कोटींवरून 1,690 कोटी डॉलरवर उतरले. लोकप्रिय खर्चाला नकार देण्याची त्यांची तयारी होती. माजी सैनिकांच्या बोनसचे विधेयक त्यांनी 1924 मध्ये नाकारले (काँग्रेसने तो नकार उलटवला), शेतमालाच्या भावांना आधार देणारे विधेयक 1927 आणि 1928 असे दोनदा. अर्थात तेव्हा सोशल सिक्युरिटी नव्हती, मेडिकेअर नव्हते. आपोआप वाढणारा खर्च जवळपास नसलेल्या काळात हे तुलनेने सोपे होते, हे मान्य केलेच पाहिजे.

रीगन यांच्याबद्दल आपल्याकडे अर्धीच गोष्ट सांगतात. 1981 च्या कायद्याने वरचा दर 70 वरून 50 टक्के झाला. 1985 पासून कराचे टप्पे महागाईशी जोडले गेले, त्यामुळे नुसत्या भाववाढीने लोक वरच्या टप्प्यात ढकलले जाणे थांबले. ही सुधारणा दरकपातीपेक्षाही मोलाची मानावी. 1986 च्या कायद्याने असंख्य सवलती काढून वरचा दर 28 टक्क्यांवर आणला. पण 1982 मध्ये त्यांनी करवाढीवर सही केली, संरक्षण खर्च वाढला, नागरी खर्चात ठरली होती तेवढी कपात काँग्रेसने केली नाही, आणि एकूण कर्ज 1980 मधल्या सुमारे 0.9 लाख कोटींवरून 1988 पर्यंत 2.6 लाख कोटींवर गेले. ‘कर कमी करा, पैसा आटला की सरकार आपोआप आखडेल’ हा सिद्धांत तिथेच फसला. रीगन यांच्या आर्थिक सल्लागार मंडळावर काम केलेले विल्यम निस्कॅनन यांनी पुढे आकडेवारी तपासून दाखवले की असे होत नाही. कारण सरळ आहे. कर कमी आणि खर्च तोच, म्हणजे मतदाराला सरकार स्वस्तात मिळते. स्वस्त वस्तूची मागणी वाढते. लहान सरकार हवे असेल, तर सरकारची पूर्ण किंमत आजच्या मतदाराला दिसली पाहिजे.

थोरले बुश 1988 मध्ये नवे कर लावणार नाही असे वचन देऊन निवडून आले आणि 1990 मध्ये वरचा दर 28 वरून 31 करणाऱ्या तडजोडीवर त्यांनी सही केली. 1992 मध्ये ते हरले. पक्षाने यातून धडा घेतला तो एवढाच की कर वाढवायचा नाही. त्याच तडजोडीत दोन मोलाच्या गोष्टी होत्या. वार्षिक मंजुरीच्या खर्चाला आकड्यात कमाल मर्यादा, आणि नवी सवलत किंवा नवी योजना आणायची तर तिचे पैसे कुठून येणार ते दाखवण्याचे बंधन. ही चौकट 2002 पर्यंत टिकली. 1994 नंतरची रिपब्लिकन काँग्रेस, क्लिंटन यांचा नकाराधिकार आणि या मर्यादा यांच्या ओढाताणीत 1998 ते 2001 अशी सलग चार वर्षे शिल्लक राहिली. शीतयुद्ध संपल्यामुळे संरक्षण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आला होता आणि शेअर बाजाराच्या तेजीने महसूल फुगला होता, त्यामुळे सगळे श्रेय कोणा एकाला देता येत नाही. पण खर्चावरची लेखी मर्यादा काम करते, हे तेव्हा दिसले. अशाच मर्यादा घालणाऱ्या 2011 च्या कायद्यानंतर ते पुन्हा दिसले. केंद्राचा खर्च 3.60 लाख कोटींवरून 2013 पर्यंत 3.45 लाख कोटींवर उतरला. मग 2013, 2015, 2018 आणि 2019 अशा चार कायद्यांनी त्या मर्यादा सैल झाल्या. त्यांतल्या 2018 च्या कायद्याच्या वेळी व्हाइट हाउस आणि काँग्रेसची दोन्ही सभागृहे रिपब्लिकनांकडे होती.

धाकट्या बुश यांनी पहिल्या पाच वर्षांत एकही विधेयक नाकारले नाही. पहिला नकार जुलै 2006 मध्ये आला आणि तोही मूलपेशींच्या संशोधनाबाबत. मधल्या काळात, 2003 मध्ये, मेडिकेअरखाली औषधांचा नवा हक्क कोणतीही पुरेशी तरतूद न करता मंजूर झाला. त्या कायद्याचा भार आज प्रत्येक अंदाजपत्रकात आहे.

करकपात स्वतःचा खर्च भरून काढते का, हा वाद नेहमी येतो. 91 टक्के दर 70 वर आणला, जसे 1964 च्या कायद्याने झाले, तेव्हा वरच्या उत्पन्नाबाबत हा दावा विचारात घेण्याजोगा असतो. आजच्या वरच्या दराच्या, म्हणजे 37 टक्क्यांच्या आसपास बहुतेक कपातींचा थोडा भागच वाढीतून परत येतो. तरीही सगळ्या कपाती सारख्या नसतात. कारखान्याच्या यंत्रसामग्रीची किंमत त्याच वर्षी पूर्ण वजा करू देणे किंवा कंपनीकर 35 वरून 21 टक्के करणे यांचा परिणाम पुढच्या गुंतवणुकीवर होतो. याउलट 2025 च्या कायद्यातल्या टिपवरची वजावट (वर्षाला कमाल 25,000 डॉलर), ओव्हरटाइमची वजावट (एकट्याला 12,500) आणि ज्येष्ठांची 6,000 डॉलरची वजावट यांनी नवे काही उभे राहत नाही. एकाच पगाराच्या दोन माणसांना वेगवेगळा कर बसतो एवढेच. 1986 मध्ये जे सरळ केले ते इथे पुन्हा वाकडे झाले, आणि यांची मुदत 2028 अखेर आहे, म्हणजे पुढच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ‘वाढवून देऊ’ हे वचन आयतेच तयार. टॅरिफबद्दलही, म्हणजे आयातीवरच्या जकातीबद्दलही, स्पष्ट बोलावे. तो आयातदार भरतो, त्यातला बराचसा ग्राहकाकडून वसूल होतो, तो करच आहे. 2025 च्या आर्थिक वर्षात जकातीतून सुमारे 19,500 कोटी डॉलर आले. तुटीच्या नवव्या हिश्श्याएवढे. त्यावर प्राप्तिकर रद्द करण्याच्या गोष्टी उभ्या राहत नाहीत.

करकपात कशी करावी आणि कशी करू नये, याचा धडा दोन राज्यांनी एकाच दशकात दिला. कॅन्ससने 2012 मध्ये वरचा दर 6.45 वरून 4.9 केला आणि मालकी व भागीदारी धंद्यांच्या नफ्यावरचा राज्यकर शून्य केला. पगारावर कर आणि धंद्याच्या नफ्यावर नाही म्हटल्यावर उत्पन्न धंद्याच्या नावाने दाखवण्याची सोय झाली. खर्च मात्र आखडला नाही. रस्त्यांचा निधी वळवला, पेन्शनचा हप्ता लांबवला, 2015 मध्ये विक्रीकर 6.15 वरून 6.5 टक्के केला. जून 2017 मध्ये रिपब्लिकन बहुमताच्याच विधिमंडळाने गव्हर्नर ब्राउनबॅक यांचा नकार उलटवून तो प्रयोग गुंडाळला. नॉर्थ कॅरोलायनाने 2013 मध्ये उलटा क्रम घेतला. आधी वजावटी आणि सवलती काढल्या, विक्रीकराची व्याप्ती वाढवली, मग 7.75 पर्यंत जाणाऱ्या तीन टप्प्यांऐवजी 5.8 टक्क्यांचा एकच दर आणला. पुढच्या काही कपाती महसुलाच्या ठरलेल्या आकड्याशी बांधल्या: आकडा गाठला तर कपात, नाही तर नाही. 2025 मध्ये तो दर 4.25 टक्के होता, कंपनीकर 6.9 वरून 2.25 वर आला होता. उमेदवाराच्या करयोजनेत अशी अट आहे का, हे आधी शोधावे.

आता सगळे टाळतात तो विषय. सोशल सिक्युरिटीसाठी पगाराच्या 6.2 टक्के कामगार आणि 6.2 टक्के मालक भरतो, 2025 मध्ये 1,76,100 डॉलर पगारापर्यंत. अमेरिकेत एच-1बी वर काम करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या अभियंत्यांना हा आकडा दर पगारचिठ्ठीवर दिसतो आणि त्यांच्यासाठी तो जास्त बोचरा आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळायला 40 क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम लागते. सहा-सात वर्षांत परत गेलेल्याचे पैसे सहसा तिथेच राहतात. एवढे करूनही योजनेचा हिशेब जुळत नाही. 1960 मध्ये एका लाभार्थ्यामागे पाच कामगार होते, आता तीनही नाहीत. विश्वस्तांच्या 2025 च्या अहवालाप्रमाणे निवृत्तिवेतनाचा राखीव निधी 2033 मध्ये संपतो आणि त्यानंतर येणाऱ्या कराच्या पैशांतून ठरलेल्या रकमेच्या 77 टक्केच देता येतील. 2025 च्या करकायद्यानंतर योजनेच्या मुख्य गणितज्ञांनी ही तारीख 2032 च्या अखेरीस आणली, कारण ज्येष्ठांच्या निवृत्तिवेतनावरचा जो कर या निधीत परत जातो तो कमी झाला.

यावर उपाय सापडत नाही असे नाही. 1983 मध्ये अर्थतज्ज्ञ ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या आयोगाच्या आधाराने रीगन आणि डेमोक्रॅटिक सभापती टिप ओ’नील यांनी तोडगा काढला. निवृत्तीचे पूर्ण वय 65 वरून 67 करायचे, पण इतक्या सावकाश की 67 ची अट 1960 किंवा नंतर जन्मलेल्यांनाच लागते. लाभाच्या काही भागावर कर. करवाढीचे टप्पे अलीकडे ओढले. सगळ्यांना थोडे दुखले म्हणून कायदा मंजूर झाला. आजच्या आवृत्तीत वयाची पुढची सावकाश वाढ आणि वरच्या उत्पन्नाच्या निवृत्तांच्या लाभाची गती कमी करणे या गोष्टी कॉन्झर्व्हेटिव्ह बाजूने स्वतःहून मांडायला हव्यात. जेवढा उशीर, तेवढी सावकाश चालण्याची मुभा कमी.

तपासायचे ते असे. उमेदवार ‘एक पैसाही कमी करणार नाही’ असे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरबद्दल म्हणत असेल, तर त्याच्या बाकी सगळ्या खर्चकपातीच्या गप्पा उरलेल्या थोड्या खर्चापुरत्या आहेत हे धरावे. व्याज कोणालाच थांबवता येत नाही. जनतेच्या हातातले कर्ज, म्हणजे सरकारने सरकारबाहेरच्यांकडून घेतलेले, सुमारे 30 लाख कोटी आहे, त्यावरचा सरासरी दर एक टक्क्याने चढला तर वर्षाला 30,000 कोटी डॉलरचा भार वाढतो. त्याने करवाढ न करण्याच्या 1986 पासून चालत आलेल्या प्रतिज्ञेवर सही केली आहे का, यापेक्षा खर्चाच्या कमाल मर्यादेवर त्याने कधी मत दिले आणि ती सैल करताना काय केले, हे विचारावे. त्याच्या विधेयकाचा सीबीओचा तक्ता उघडून महसूल आणि खर्च हे दोन्ही रकाने वर्षवार पाहावेत. बचत नवव्या-दहाव्या वर्षी आणि सवलत पहिल्या वर्षी असेल, तर ती बचत बहुधा होणार नाही.

आणि हा प्रश्न 2028 पर्यंत थांबवू नये. त्या वर्षी निवडून येणाऱ्या अध्यक्षाची मुदत जानेवारी 2033 मध्ये संपते, म्हणजे सोशल सिक्युरिटीचा निधी आटण्याची वेळ त्याच्याच कारकिर्दीत येते. 2026 मध्ये निवडून येणाऱ्या सिनेटरांची मुदतही जानेवारी 2033 पर्यंत आहे, आणि 60 मते गोळा करताना त्यांचीही मते लागणार आहेत.